रोझेलच्या मावशी

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. आज मराठी वाचकाच्या मनात डॉ. आनंदीबाई जोशी यांची जी प्रतिमा आहे, ती बव्हंशी या कादंबरीने घडवलेली आहे. कादंबरीच्या शीर्षकात दोन नावे आहेत आणि ती एका दमात उच्चारली जातात. जणू ते एकच नाव आहे. पदव्युत्तर वर्गात ही कादंबरी शिकवताना मला दरवर्षी एकच अनुभव येतो. विद्यार्थी बोलतात ते गोपाळरावांविषयी. ते थोर होते की क्रूर, विक्षिप्त होते की द्रष्टे, यावर तास रंगतो. मग कोणीतरी, बहुधा मागच्या बाकावरची एखादी मुलगी, विचारते, “पण सर, ती तिथे राहिली कुणाच्या घरी?”

प्रश्न साधा आहे, पण माझ्या मते आनंदीबाईंच्या चरित्राची एक चावी त्यात आहे. अठरा वर्षांची ब्राह्मण विवाहित मुलगी १८८३ साली एकटी समुद्रापलीकडे जाते. तिथे ती कोणाच्या छपराखाली झोपते, कोणाच्या चुलीवर शिजवते, आजारी पडली की कोणाला हाक मारते, हे तपशील दुय्यम नव्हेत. परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात महाविद्यालय दिवसाचे काही तास असते. उरलेला सगळा वेळ ‘घर’ असते, आणि ते घर दुसऱ्याचे असते. दुसऱ्याच्या घरात राहण्याचे जे ओझे असते त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: मिंधेपणा. आनंदीबाईंनी या मिंधेपणाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

हकीकतीची सुरुवात प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पोस्ट खात्यात कारकून असलेल्या गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, आपल्यालाही तिथे काही काम मिळेल काय, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती व्हा असे सुचवले आणि हा पत्रव्यवहार ‘मिशनरी रिव्ह्यू’ या आपल्या नियतकालिकात छापून टाकला. गोष्ट तिथेच संपायची. पण १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या लहानशा गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी पडलेला अंक त्यांनी चाळला. ज्या पत्राला मिशनऱ्याने धर्मांतराची अट घातली होती, त्या पत्राला या बाईंनी कोणतीही अट न घालता उत्तर पाठवले. तुमची पत्नी आली तर माझ्या घरी राहील, असा त्या उत्तराचा आशय होता. इतिहासात दातदुखीचे ऋण मानण्याचे प्रसंग फार नसतील. हा एक आहे.

यानंतरची तीन वर्षे केवळ पत्रांची आहेत. भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशा गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या आणि आनंदीबाईंची पत्रे त्या त्या गावाहून रोझेलला जात राहिली. हिंदूंचे सण, चालीरीती, स्त्रियांची स्थिती, धर्म अशा सर्व विषयांवर दोघींनी लिहिले. आनंदीबाईंची प्रकृती या काळात बरी नव्हती; डोकेदुखी, ताप, अशक्तपणा यांच्या तक्रारी ऐकून बाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. गुण आला नाही, पण औषधांबरोबर एक नाते पोहोचले. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या दोघी मावशी-भाची होऊन बसल्या.

येथे भाषेकडे लक्ष द्यायला हवे. पत्रव्यवहार इंग्रजीत होता, त्यामुळे कागदावर शब्द आहे तो ‘आंट’. इंग्रजीतला हा शब्द आळशी आहे. आत्या, काकू, मामी आणि मावशी या चौघींना तो एकाच पाटावर बसवतो. मराठीत आल्यावर मात्र कार्पेंटरबाईंना निवड करावी लागली, आणि मराठी परंपरेने त्यांना एकमुखाने ‘कार्पेंटर मावशी’ केले. आत्या किंवा काकू कोणी केले नाही. आत्या आणि काकू ही बापाच्या घरची, म्हणजे अधिकाराची नाती. मावशी आईच्या बाजूची. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपल्याकडे उगाच रुजलेली नाही. आनंदीबाईंच्या बाबतीत तर तिला एक वेगळीच धार आहे. त्यांच्या आईने त्यांना मायेने वागवले नाही, मारताना हाती लागेल ते वापरले, अशी कडवट आठवण त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. माहेर असे ज्याला म्हणावे ते या मुलीला मिळालेच नव्हते. ते तिने पत्राने मिळवले.

मावशी म्हटल्याने आणखी एक गोष्ट साधली. एखाद्या परक्या, परधर्मी बाईच्या घरी फुकट राहणे म्हणजे उपकार. उपकार म्हणजे मिंधेपणा. आणि मिंध्या माणसाकडून यजमान काहीतरी वसूल करणार, ही त्या काळच्या पुणेरी मनाची रास्त भीती होती. हे वसूल करायचे ‘काहीतरी’ म्हणजे धर्म, हे सर्वांनाच ठाऊक होते. पण भाची मावशीकडे राहिली तर त्यात उपकाराचा प्रश्न येत नाही. नाते लावून आनंदीबाईंनी देण्याघेण्याचा हिशेबच बदलला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जे जाहीर व्याख्यान दिले, त्यात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे त्या ठामपणे सांगू शकल्या, याचे अर्धे श्रेय त्यांच्या निर्धाराला असेल. अर्धे या गोष्टीला आहे की ज्या घरी त्या जाणार होत्या त्या घराने अट घातली नव्हती. प्रवासखर्चासाठी दागिने विकले, तेही याच हिशेबात बसते. मावशीकडे जायचे, पण जायचे आपल्या पैशाने.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. त्यांनी वाटेत धर्माचा लकडा लावला, त्याचा त्रासही झाला. बंदरावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. पुढचे चार महिने आनंदीबाई रोझेलला होत्या. हा त्यांच्या छोट्याशा आयुष्यातला बहुधा सर्वांत निवांत काळ असावा आणि आपल्या चरित्रकारांनी तो भराभर उरकला आहे. साहजिक आहे. त्यात संघर्ष नाही, आणि संघर्षाशिवाय चरित्र पुढे सरकत नाही अशी आपली समजूत आहे. पण याच चार महिन्यांत त्यांनी परक्या घरात आपली जागा तयार केली. २८ जून १८८३ रोजी वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी जे पत्र गेले, ते रोझेलच्या घरातून गेले. घरातल्या मुलींशी त्यांचे जमले. उन्हाळ्यात त्यांनी ओळखीच्या मंडळींना आपल्या पद्धतीचे जेवण घातले. पाहुणे जमिनीवर बसले, हाताने जेवले. आपल्याकडे ही हकीकत गमतीची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. पाहुणी असलेली व्यक्ती जेव्हा यजमानांच्याच घरात यजमानपद घेते, चूल तिची, मांडणी तिची, रीत तिची, तेव्हा त्या दिवसापुरता मिंधेपणा उलटा फिरतो. नकोशा कर्जाची फेड करण्याची ही जुनी, शहाणी बायकी रीत आहे. आपल्या आज्यांना ती ठाऊक होती.

याच घरात, ३ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी एक वही भरली. त्या काळी अमेरिकेत घरोघर अशी प्रश्नांची वही असे. आवडता रंग कोणता, फूल कोणते, लेखक कोण, असे प्रश्न छापलेले असत आणि पाहुण्यांनी समोर उत्तरे लिहायची असत. आमच्या शाळेत वर्ष संपताना मुली जी वही फिरवीत, तिची ही पूर्वज. आनंदीबाईंची उत्तरे सुदैवाने टिकली आहेत आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ती अवश्य पाहावीत. रंग पांढरा, झाड आंबा. कवी म्हणून त्यांनी पोप, मनू आणि कालिदास यांना एका ओळीत बसवले. मनूला कवी म्हणणे हा निरागसपणा की खोडी, ते सांगता येत नाही. कवयित्री म्हणून मुक्ताबाई आणि जनाबाई. गद्यलेखकांत गोल्डस्मिथ, मेकॉले, ॲडिसन यांच्या शेजारी विष्णुशास्त्री चिपळूणकर. निबंधमालाकारांना जाऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. आणि मेकॉलेशी त्यांचे नाते किती गुंतागुंतीचे होते हे आपण जाणतो. न्यू जर्सीतल्या दिवाणखान्यात बसून एका अठरा वर्षांच्या मुलीने त्या दोघांची भेट घालून दिली. परक्या घरात, परक्या भाषेत, परक्या वहीत तिने तीन मराठी नावे बरोबर आणली, हे मला पोप आणि कालिदासापेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्याच वहीत एक प्रश्न नावडत्या, धास्ती वाटणाऱ्या गोष्टीचा होता. आनंदीबाईंनी दोन गोष्टी लिहिल्या: दास्य आणि परावलंबन.

हे उत्तर वाचून मी नेहमी थबकतो. लिहिणारी मुलगी ज्या टेबलाशी बसली होती ते तिचे नव्हते. अन्न, छप्पर सर्व मावशीचे होते. शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्तीतून निघणार होता. महाविद्यालयाने पुढे तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची सोय केली. नवरा दहा हजार मैलांवर होता आणि तरीही प्रत्येक टपालातून हुकूम पाठवीत होता. जिचे सारे आयुष्य परावलंबनाचे होते तिला परावलंबनाची धास्ती वाटत होती, आणि ती तिने यजमानांच्याच वहीत, त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवली. त्यांनी ती जपून ठेवली. यजमान आणि पाहुणी या दोघांविषयीही या नोंदीतून पुष्कळ कळते.

ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले आणि रोझेल हे सुटीत जायचे ठिकाण झाले. इथून पुढची गोष्ट थंडीची आहे. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा. शाकाहार सांभाळायचा, स्वतः रांधायचे, शरीरशास्त्राची पुस्तके पाठ करायची, असे चालले होते. महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांच्यावर माया केली, हे खरे. पण प्रकृतीची जी हानी त्या हिवाळ्यांत झाली ती भरून निघाली नाही.

याच काळात लुगड्याचा तो प्रसिद्ध प्रश्न उभा राहिला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत आणि त्या समाजात ते दोन्ही अर्थांनी अडचणीचे. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. त्यात पाय झाकले जातात, आत उबदार कपडा घालता येतो, आणि तरीही वेष हिंदूच राहतो. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली यांच्यासोबत त्या बसल्या आहेत, ते याच भारतीय वेषात. त्यांनी वेषबदलाची कारणे गोपाळरावांना कळवली. गोपाळराव रुष्ट झाले. ज्या माणसाने बायकोला समुद्रापार एकटे धाडले, त्याला लुगड्याच्या निऱ्या बदललेल्या खपल्या नाहीत, हा विरोधाभास सर्वांनी पुरेसा उगाळला आहे. माझे लक्ष वेधले जाते ते दुसऱ्या गोष्टीकडे.

गोपाळरावांना अमेरिकेतून लिहिलेल्या मराठी पत्रांत आनंदीबाईंचा एक वेगळाच आवाज आहे. एका पत्रात त्यांनी जुने सगळे मांडले आहे. दहाव्या वर्षी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या, अशी वर्षांच्या क्रमाने मांडणी आहे, जमाखर्चाच्या वहीसारखी. हे सारे त्यांच्या भल्यासाठी होते की नाही याचा निर्णय करणे त्यांनाही अवघड जाते, आणि तसे त्या लिहितात. याउलट अमेरिकन श्रोत्यांपुढे बालविवाहाचा विषय निघाला तेव्हा याच आनंदीबाईंनी त्या चालीची बाजू घेतली. ऐकणाऱ्या सुधारणावादी बायका चकित झाल्या. आजचे वाचकही होतात. माझे विद्यार्थी तर नाराज होतात. त्यांना एकच आनंदीबाई हव्या असतात.

मला वाटते, यात विसंगती पाहण्याआधी आपण पाहुणी कुठे बसून बोलते आहे ते पाहावे. परक्यांच्या घरात आपल्या घरचे काढायचे नसते, ही शिकवण आपल्याकडे मुलींना बोलता येऊ लागल्यापासून मिळते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्यांच्या देशात आपण पाहुणे आहोत, जे आपल्या देशाकडे दयेने पाहतात, त्यांच्यापुढे घरचे दुःख मांडणे म्हणजे त्यांच्या दयेला खतपाणी घालणे. म्हणून इंग्रजीतल्या आनंदीबाई घराची बाजू लढवतात आणि मराठीतल्या आनंदीबाई घराचा हिशेब मागतात. एक सोयीची आणि एक खरी असे म्हणून चालणार नाही. दोन्ही खऱ्या आहेत; फक्त पत्ते वेगळे आहेत. इतके मात्र खरे की तो मराठी हिशेब कल्याण, कोल्हापूर किंवा श्रीरामपूर येथे राहून लिहिला गेला नसता. तो लिहिण्यासाठी हातभर अंतर आणि डोक्यावर दुसरे छप्पर लागले. ते छप्पर मावशींनी दिले होते. वास्तविक त्या पत्रातले एक अक्षरही त्यांना वाचता आले नसते.

रोझेलचे चित्र फार गोड होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. यजमानांचा जिव्हाळा निखळ असला तरी त्यांच्या भोवतालच्या समाजाला आनंदीबाई हे एक नवल होते. साडी, बांगड्या, कुंकू, जमिनीवरचे जेवण, या सगळ्याकडे बघायला माणसे येत. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला ‘आज जरा दमले आहे, कोणाला भेटत नाही’ असे म्हणण्याची सोय नसते. दुसरी गोष्ट, १८८५ साली गोपाळराव अमेरिकेत पोहोचले आणि त्यांनी ठिकठिकाणी अमेरिकन रीतींवर व ख्रिस्ती धर्मावर तोंडसुख घेणारी व्याख्याने दिली. ज्यांच्या घरचे मीठ आपली बायको खाते आहे त्यांच्यावर भर सभेत टीका करताना त्यांना संकोच वाटला नाही. मिंधेपणा त्यांनीही झुगारला म्हणायचा, पण त्याची किंमत आनंदीबाईंच्या खात्यावर पडली.

आनंदीबाईंना जे घर मिळाले त्याचे मोल कळायचे असेल तर त्याच वर्षी, त्याच एप्रिल महिन्यात समुद्रापार गेलेल्या दुसऱ्या मराठी स्त्रीकडे पाहावे लागते. पंडिता रमाबाई या नात्याने आनंदीबाईंच्या दूरच्या आप्त. त्याही वैद्यक शिकण्याच्या इच्छेने, कन्या मनोरमा आणि आनंदीबाई भगत या सहकारिणीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनी-संघाने त्यांना आसरा दिला. तिथला आसरा धर्मसंस्थेचा होता. काही महिन्यांत आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे रोझेलच्या वहीत ती उत्तरे लिहिली गेल्यानंतर चार आठवड्यांच्या आत. रमाबाईंचे धर्मांतर सक्तीचे होते असे मी म्हणत नाही. त्या असामान्य बुद्धीच्या, स्वतंत्र बाण्याच्या स्त्री होत्या आणि तो निर्णय त्यांचा होता. पण पुढे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला, तो वाचताना पाहुणी आणि यजमान यांच्यातली ओढाताण पानोपानी जाणवते. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. आमच्या विद्यापीठांत तो जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही. रमाबाईंनी काय खावे, मुलीने प्रार्थनेत काय म्हणावे, चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, प्रत्येक गोष्टीत यजमानांना मत होते आणि ते अधिकारवाणीने दिले जात होते. रमाबाई प्रत्येक वेळी उत्तर देतात, नम्रपणे आणि अजिबात न वाकता. पण उत्तर द्यावे लागत होते, हे महत्त्वाचे. जेराल्डीन ‘सिस्टर’ होत्या आणि रमाबाईंनी त्यांना आदराने वडीलधारी मानले, तरी ते नाते संघाच्या नियमांतून आलेले होते. आनंदीबाईंनी आपले नाते स्वतः लावले होते. दोन घरांतला फरक हा एवढाच आणि एवढा मोठा.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला गोपाळराव होते, कार्पेंटरबाई होत्या, आणि त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आलेल्या रमाबाईही होत्या. क्षयाने तोपर्यंत घर केले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. त्या रुजू झाल्याच नाहीत. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यानंतर सुरू झाला तो आठवणींचा वाटा कोणाकडे किती, हा प्रश्न. कार्पेंटरबाईंकडे इंग्रजी पत्रांचा गठ्ठा होता. तो त्यांनी कॅरोलाइन हीली डॉल यांच्या हाती दिला, आणि १८८८ साली बोस्टनहून आनंदीबाईंचे पहिले चरित्र निघाले. त्याच्या शीर्षकात त्यांची ओळख ‘पंडिता रमाबाईंच्या आप्त’ अशी करून दिली आहे. मृत्यूनंतरही बाईंना दुसऱ्याच्या नावाच्या आधाराने उभे केले. मराठी पत्रे गोपाळरावांकडे होती. त्यांच्या आधारे काशीबाई कानिटकरांनी मराठी चरित्र लिहिले. पहिल्या चरित्रात मावशीची भाची आहे, दुसऱ्यात गोपाळरावांची पत्नी, आणि ऐंशी वर्षांनी श्री. ज. जोशींनी कादंबरी लिहिली तेव्हा साहजिकच मराठी गठ्ठा जिंकला. नाट्य तिकडेच होते. अलीकडे अंजली कीर्तने यांनी (१९९७) आणि मीरा कोसंबी यांनी (त्यांच्या निधनानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात) दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा कुठे ती मुलगी थोडी पूर्ण दिसू लागली. मराठीच्या अभ्यासक्रमात मात्र अजून कादंबरीच आहे, आणि ती चरित्र म्हणून वाचली जाते. चूक कादंबरीकाराची नाही, आपली आहे.

मागच्या बाकावरच्या मुलीला मी एवढे सगळे सांगतो तेव्हा तास संपत आलेला असतो. शेवटची हकीकत मग घाईत सांगावी लागते. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी रोझेलच्या मावशींकडे पाठवून दिल्या. हिंदू धर्म सोडणार नाही असे जाहीर व्याख्यानात सांगून गेलेल्या मुलीच्या अस्थी हा माणूस गंगेऐवजी अमेरिकेला धाडतो. त्या विक्षिप्त माणसाने बहुधा आयुष्यात केलेला सर्वांत समंजस व्यवहार हाच असावा. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सी येथल्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या. तिथे दगड आहे. त्यावर आनंदीबाई जोशी, एम. डी., असे नाव कोरलेले आहे, खाली १८६५–१८८७ ही साले आहेत आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख आहे. शेजारी कार्पेंटरबाईंच्या घरची माणसे आहेत.